सिमिलॅरिटी १२ टक्के, तरी लेख उचललेला: दर काही अंकांनी येणारी अडचण आणि तिच्यावरचे उपाय

लेख आला. सॉफ्टवेअरमधून काढला, सिमिलॅरिटी, म्हणजे दुसरीकडच्या मजकुराशी जुळणाऱ्या शब्दांचं प्रमाण, १२ टक्के. आमची मर्यादा १५. लेख तपासणाऱ्या दोन्ही तज्ज्ञांनी, म्हणजे रिव्ह्यूअरनी, किरकोळ दुरुस्त्या सुचवून होकार दिला, अंक निघाला, आम्ही पुढच्या अंकाच्या मागे लागलो. सात महिन्यांनी एक ई-मेल आला. मजकूर दोन ओळींचा: 'आपल्या अंकातील अमुक लेख पाहावा. जोडपत्र पाहावे.' जोडपत्रात दोन पानं शेजारीशेजारी लावलेली. डावीकडे पाठवणाऱ्याचा जुना लेख, उजवीकडे आम्ही छापलेला, आणि 'चर्चा' या भागातले चार परिच्छेद दोन्हीकडे पिवळे केलेले. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.

मी एका त्रैमासिक शोधपत्रिकेचं संपादकीय काम बघते. आमच्याकडे असा ई-मेल तीनदा आला. पहिल्यांदा आम्ही सॉफ्टवेअरला नावं ठेवली, दुसऱ्यांदा लेखकाला. तिसऱ्यांदा मात्र जुने अहवाल काढून बसलो. पहिल्या लेखाच्या अहवालात ते चारही परिच्छेद लालभडक रंगलेले होते. अहवाल कुणी उघडलाच नव्हता. वरचा आकडा बघितला, १५ च्या आत आहे म्हटलं, आणि लेख पुढे ढकलला.

हे टिपण शोधपत्रिकेचं काम करणाऱ्यांसाठी आहे. लेखकांनी वाचलं तरी हरकत नाही, उलट बरंच.

आकड्याचं दुखणं

ही सॉफ्टवेअर चोरी पकडत नाहीत, जुळणारे शब्द दाखवतात. क्रॉसरेफ या शोधपत्रिकांच्या प्रकाशकांच्या संस्थेची 'सिमिलॅरिटी चेक' ही सेवा २००८ साली 'क्रॉसचेक' या नावाने सुरू झाली. तिच्या पोटात टर्निटिन कंपनीचं 'आयथेंटिकेट' चालतं. सदस्य प्रकाशकांचे लेख आणि इंटरनेटवरचा मजकूर यांच्याशी आपला मजकूर ताडून बघायचा आणि जुळलेल्या शब्दांचं एकूण शब्दांशी प्रमाण काढायचं, एवढंच ते करतं. कुठले शब्द, कुठून आले, श्रेय दिलंय की नाही, याच्याशी त्या टक्केवारीला काही देणंघेणं नाही.

साधा हिशोब करा. लेख ६००० शब्दांचा असेल तर १२ टक्के म्हणजे ७२० शब्द. ते साठ-सत्तर ठिकाणांहून दहा-दहा शब्दांनी जुळले असतील, तर 'या अभ्यासाचा उद्देश असा की' यासारखी सगळ्यांचीच वाक्यं असतात. ती सोडून द्यायची. तेच ७२० शब्द एकाच लेखातून आले असतील, तर जवळजवळ दीड-दोन छापील पानं सरळ उचलली आहेत. दोन्ही अहवालांच्या कोपऱ्यात आकडा मात्र तोच.

उलटंही होतं. ३८ टक्के बघून आम्ही एक लेख न वाचताच परत पाठवला होता. नंतर कळलं की त्यातले तीस टक्के लेखकाच्याच प्रीप्रिंटशी, म्हणजे पत्रिकेत छापण्याआधी खुल्या केलेल्या मसुद्याशी, जुळत होते आणि उरलेले बहुतेक संदर्भसूचीतले होते. बिचाऱ्या लेखिकेने शांतपणे दुसरीकडे पाठवला, तिथे तो छापून आला. आम्हाला शेवटपर्यंत कुणी काही म्हटलं नाही, पण मला तो लेख आठवला की अजून अवघडल्यासारखं होतं.

आणि आता खरी कबुली. जवळजवळ दोन वर्षं मी लेखकांना एक ठरावीक वाक्य पाठवत होते: 'कृपया सिमिलॅरिटी १५ टक्क्यांच्या खाली आणून लेख पुन्हा पाठवावा.' लेख परत यायचे. १४ टक्के, १३ टक्के, एकदा तर १४.९. परिच्छेद तेच, युक्तिवादाचा क्रम तोच, उदाहरणंही तीच; फक्त 'महत्त्वाचा' होता तिथे 'लक्षणीय' आणि 'आढळले' होतं तिथे 'निदर्शनास आले'. जिला आपण आवर घालायचा, तीच उचलेगिरी धुऊन-वाळवून आणायला मी सांगत होते. यात अप्रामाणिक कोण, लेखक की मी, हे आजही मला नीट सांगता येत नाही.

म्हणून पहिला उपाय: टक्केवारीची मर्यादा नियमातून काढून टाका. निदान लेखकांना कळवू तरी नका. आतल्या कामासाठी ठेवायचीच असेल तर कुठला अहवाल आधी वाचायचा, एवढं ठरवण्यापुरती ठेवा.

अहवाल वाचायचा कसा

मी आता ज्या क्रमाने वाचते तो सांगते. एका लेखाला वीसेक मिनिटं लागतात.

आधी संदर्भसूची वगळून आकडा बघते. मग आठ-दहा शब्दांपेक्षा लहान जुळण्या वगळते. इथे एक खाचखळगा आहे. 'अवतरणचिन्हांतला मजकूर वगळा' ही सोय डोळे मिटून चालू ठेवू नका. एका बहाद्दराने दोन अख्खे परिच्छेद अवतरणचिन्हांत घातले होते, संदर्भ क्रमांक न देता. सॉफ्टवेअरने ते इमानेइतबारे वगळले आणि आकडा ६ आला. त्यामुळे ही सोय एकदा चालू करून आणि एकदा बंद करून, असे दोन्ही आकडे बघायचे. दोन्हींत मोठी तफावत दिसली की थांबायचं.

मग सगळ्यात मोठा एकच स्रोत बघायचा. एकूण आकड्यापेक्षा हा आकडा कितीतरी जास्त बोलतो. एकूण २२ टक्के, पण कुठलाही एक स्रोत १ टक्क्याच्या वर नाही, असा लेख मी बहुतेकदा पुढे पाठवते. एकूण ९ टक्के, पण त्यातले ७ एकाच लेखातले, असं असेल तर चहा बाजूला ठेवून बसते.

मग जुळलेला मजकूर लेखाच्या कुठल्या भागात आहे ते बघायचं. 'पद्धती' या भागात शब्द जुळणारच. द्रावण ठरावीक वेळ ठरावीक तापमानाला ठेवलं, हे किती प्रकारांनी लिहिणार? तिथे फार ओढाताण करून लिहायला लावलं तर अर्थ बिघडायची भीती असते. मूळ पद्धतीचा संदर्भ दिलाय ना, एवढं बघावं. पूर्वपीठिकेत जुळलं तर ते बहुधा नवशिकेपण असतं. निष्कर्ष आणि चर्चा या भागांत मात्र तीन टक्केही मला खुपतात, कारण तिथे लेखकाचं स्वतःचं डोकं दिसायला हवं.

यापुढची पायरी बरेच जण गाळतात. सॉफ्टवेअरने दाखवलेला स्रोत स्वतः उघडून बघा. दाखवलेला स्रोत हाच मूळ असेल असं नाही. कित्येकदा कुठल्यातरी संकेतस्थळाने मूळ लेख उतरवून घेतलेला असतो आणि सॉफ्टवेअर त्याचं नाव सांगतं. कधी तर चोर समोरचाच असतो. आमच्याकडे आलेला एक लेख दुसऱ्या पत्रिकेतल्या छापील लेखाशी जुळत होता, आणि तो छापील लेख आमच्या लेखकाच्या सव्वा वर्ष जुन्या प्रीप्रिंटवरून उचललेला निघाला. म्हणून छापल्याच्या तारखेवर थांबू नका. लेख पत्रिकेकडे कधी आला, प्रीप्रिंट कधी चढवली, त्या तारखा ताडून बघा.

अहवाल जवळजवळ शंभर टक्के येतो आणि स्रोत म्हणून कुठल्यातरी संस्थेतल्या विद्यार्थ्याचा पेपर दिसतो, असं झालं तर घाबरू नका. लेखकाने पाठवण्याआधी आपल्या संस्थेत लेख तपासून घेतलेला असतो. काही सेवा तपासलेला मजकूर स्वतःच्या साठ्यात ठेवून घेतात, आणि पुढच्या तपासणीत लेख स्वतःशीच जुळतो. लेखकाला विचारलं की उलगडा होतो.

शून्य टक्के आला तर?

पूर्वी मला आनंद व्हायचा. आता शंका येते. कुठल्याही प्रामाणिक लेखात चार ठरावीक वाक्यं, दोन संज्ञा, संदर्भसूचीतल्या नोंदी जुळतातच. काहीच जुळत नसेल तर सॉफ्टवेअरला मजकूर वाचताच आलेला नाही, अशी शक्यता आधी तपासायची.

त्याची काही कारणं निरागस असतात. पीडीएफमध्ये पानांचे फोटोच चिकटवलेले असतात. देवनागरीतला लेख युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटमध्ये असेल तर पडद्यावर सुरेख मराठी दिसतं, पण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती नुसती रोमन अक्षरांची खिचडी असते. ती जगात कशाशीच जुळत नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग तपासा.

काही कारणं मात्र निरागस नसतात. इंग्रजी लेखात रोमन 'ए'च्या जागी हुबेहूब तसंच दिसणारं सिरिलिक अक्षर घालतात. माणसाच्या डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला मात्र तो शब्दच वेगळा वाटतो. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत पांढऱ्या रंगाची अक्षरं पेरून ठेवण्याचाही प्रकार आहे. ओळखायला सोपी युक्ती: सगळा मजकूर उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. पांढरी अक्षरं काळी होऊन बाहेर येतात. वर्डमध्ये स्पेलिंग तपासायची सोय चालू केली, की साध्यासुध्या शब्दांखाली लाल नागमोडी रेघांची रांग लागते. एका लेखात प्रत्येक 'डेटा' या शब्दाखाली लाल रेघ होती. त्या लेखाचा निकाल तिथेच लागला.

शब्द फिरवणारी सॉफ्टवेअर वापरून धुतलेला मजकूर ही याच्या पुढची पायरी. इथे संशोधकांनीच एक मजेदार खूण शोधून दिली आहे. गियोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मगाझिनोव्ह यांनी २०२१ मध्ये अशा लेखांतले वाकडेतिकडे शब्दप्रयोग गोळा केले. यंत्राने प्रत्येक शब्दाला समानार्थी शब्द ठोकल्यामुळे 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालं होतं, 'बिग डेटा'चं 'कलॉसल इन्फर्मेशन' आणि 'ब्रेस्ट कॅन्सर'चं चक्क 'बुझम पेरिल'. त्या विषयातला माणूस झोपेतही असं लिहिणार नाही. मराठीतही असले नमुने मला भेटलेत: 'लोकसंख्येची घनता'ऐवजी 'जनतेचा दाटपणा', 'स्थिर तापमान'ऐवजी 'अचल उष्णतामान'. प्रस्थापित संज्ञेच्या जागी विचित्र जोडशब्द दिसला की त्याच्या मागे अख्खा परिच्छेद तपासावा.

भाषांतरातून केलेली चोरी पकडायला सगळ्यात अवघड. आमचा दुसरा ई-मेल तिच्याबद्दलचा होता. लेख मराठीत, मूळ इंग्रजीत, अहवाल ४ टक्के. तो लेख आज पुन्हा वाचते तेव्हा वाटतं, कळायला हवं होतं. वाक्यं मराठी होती, पण त्यांची चाल नव्हती. शिवाय संदर्भसूचीतल्या एका नोंदीत पान क्रमांक चुकलेला होता, आणि नेमकी तीच चूक मूळ इंग्रजी लेखात होती. ज्याने संदर्भ स्वतः उघडून वाचलाय त्याच्या हातून चूक होईल, पण दुसऱ्याचीच चूक जशीच्या तशी होणार नाही. तेव्हापासून संशय आला की मी सूचीतल्या पाच नोंदी मूळ लेखाशी ताडून बघते. याच तपासणीत हल्ली अस्तित्वातच नसलेले संदर्भही सापडतात. ती बहुधा एआयची करामत असते.

एआयबद्दल थोडक्यातच, कारण बाकी सगळे त्यावरच बोलत असतात. एआयने लिहिलंय का हे सांगणाऱ्या यंत्रांच्या भरवशावर लेख नाकारू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतः काढलेलं असलं यंत्र जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत बंद केलं. एआयला लेखक म्हणून नाव देता येत नाही आणि वापर केला असेल तर तो सांगायला हवा, ही कोपची, म्हणजे प्रकाशन-नीतिमत्तेवर काम करणाऱ्या समितीची, भूमिका आम्ही आमच्या नियमांत घातली आहे. बाकी वर सांगितलेली संदर्भांची तपासणी करायची.

पहिलं पत्र

इथे आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं. पहिल्या प्रकरणात आम्ही लिहिलं होतं, 'आपण साहित्यचौर्य केल्याचे सिद्ध झाले आहे.' उत्तर वकिलाकडून आलं. साहित्यचौर्याला इंग्रजीत 'प्लेजरिझम' म्हणतात; त्या शब्दाच्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द माणसं पळवून नेणाऱ्यासाठी वापरला जायचा. पहिल्या शतकातल्या मार्शल या रोमन कवीने तो आपल्या कविता स्वतःच्या म्हणून म्हणणाऱ्याला उद्देशून वापरला. शब्द तेव्हापासून जड आहे. तो पहिल्या पत्रात घालायचाच नाही. आता आमचं पत्र असं जातं:

'आपल्या लेखाच्या पान ४ व ५ वरील दोन परिच्छेद आणि सोबत जोडलेल्या लेखातील 'चर्चा' हा भाग यांत बरेच साम्य दिसते. दोन्ही मजकूर शेजारीशेजारी लावून जोडले आहेत. हे साम्य कसे आले, हे कृपया तीन आठवड्यांत कळवावे. तोवर लेखावरील पुढील प्रक्रिया थांबवली आहे.'

यात आरोप नाही, विशेषण नाही, पुरावा आहे आणि मुदत आहे. शेजारीशेजारी लावलेलं ते पान हेच खरं पत्र. ते बनवायला तासभर जातो, पण पुढचे कित्येक महिने वाचतात.

१९९७ मध्ये स्थापन झालेल्या कोपने अशा प्रसंगांसाठी पायऱ्यांचे तक्ते तयार केले आहेत. लेख छापायच्या आधी कळलं तर वेगळा, छापल्यावर कळलं तर वेगळा. दोन्ही तक्ते छापून भिंतीवर लावण्यासारखे आहेत. त्यांचा गाभा असा: साम्य किती आणि कसलं ते ठरवा, पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला लिहा, उत्तर नाही आलं तर बाकीच्या सहलेखकांना लिहा, तरी नाही आलं किंवा समाधान झालं नाही तर त्यांच्या संस्थेला कळवा आणि ठरावीक काळाने आठवण करत राहा. सहलेखकांना लिहायची पायरी टाळू नका. आपलं नाव या लेखावर आहे हे एका सहलेखकाला आमच्या पत्रातूनच पहिल्यांदा कळलं होतं.

उत्तरं साधारण चार तऱ्हेची येतात. 'घाईत अवतरणचिन्हं राहून गेली.' एक-दोन वाक्यं असतील तर मान्य, दोन पानं असतील तर नाही. 'तो भाग माझ्या विद्यार्थ्याने लिहिला होता.' असेलही, पण पहिलं नाव तुमचं आहे, सर. 'भाषा चांगली नाही म्हणून चांगल्या लेखातली वाक्यं घेतली.' हे ऐकलं की मी मऊ होते, कारण बहुतेकदा ते खरं असतं. नवा संशोधक परक्या भाषेत लिहिताना इकडून-तिकडून वाक्यं जोडत जातो आणि असं करू नये हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. त्याचे निष्कर्ष स्वतःचे असतील तर परिच्छेद दाखवून सांगायचं: मूळ लेख बंद कर, तुला काय कळलं ते लिही, आणि शेवटी संदर्भ दे. यात टक्क्यांचा उच्चारही करायचा नाही.

चौथं उत्तर: 'तो लेख माझाच आहे, मग चोरी कसली?' प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या संशोधन-सचोटी कार्यालयाच्या व्याख्येतही प्लेजरिझम म्हणजे दुसऱ्याच्या कल्पना, पद्धती, निष्कर्ष किंवा शब्द श्रेय न देता घेणं. स्वतःचं स्वतः घेणं त्यात बसत नाही. म्हणून मी त्याला चोरी म्हणत नाही, पण सोडूनही देत नाही. पद्धतीचे दोन परिच्छेद पुन्हा वापरले तर जुन्या लेखाचा संदर्भ द्यायला सांगते आणि विषय संपतो. तीच आकडेवारी नवी म्हणून दुसऱ्यांदा छापायला आणली तर मात्र शब्दांच्या चोरीपेक्षा ते वाईट. ऑनडॅन्सेट्रॉन या उलटीवरच्या औषधाच्या चाचण्यांचं उदाहरण मी नेहमी देते. मार्टिन ट्रॅमेर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय पत्रिकेत दाखवलं की त्यातली २८ टक्के रुग्णांची माहिती दोनदा छापली गेली होती, आणि ती धरून हिशोब केला तर औषधाचा गुण २३ टक्क्यांनी फुगून दिसत होता. दुसऱ्या वेळी शब्द बदललेले असतील तर सॉफ्टवेअर इथे काहीच बोलत नाही. लेखातले तक्ते लेखकाच्या आधीच्या लेखांतल्या तक्त्यांशी ताडून बघणं हाच इलाज.

छापून झाल्यावर कळलं तर

पहिलं म्हणजे, लेख काढून टाकू नका. आम्ही तेच केलं होतं. घाबरून संकेतस्थळ बघणाऱ्या मुलाला फोन केला, त्याने पाच मिनिटांत पान उडवलं. डीओआयचा, म्हणजे लेखाच्या कायमच्या ओळख क्रमांकाचा, दुवा दाबला की 'पान सापडत नाही'. तोवर त्या लेखाचा संदर्भ दोन ठिकाणी दिला गेला होता. ते वाचक आम्हाला विचारू लागले, लेख गेला कुठे? तक्रार करणारा वेगळा संतापला: पुरावाच गायब केलात म्हणाला. त्याचं बरोबर होतं.

लेख मागे घ्यायचा म्हणजे तो जागेवर राहतो. प्रत्येक पानावर 'मागे घेतला आहे' असा ठळक शिक्का बसतो आणि एक वेगळी सूचना प्रसिद्ध होते. सूचनेला स्वतःचा डीओआय हवा, ती सगळ्यांना फुकट वाचता यायला हवी, लेखावरून सूचनेकडे आणि सूचनेवरून लेखाकडे दुवा हवा. कोण मागे घेतंय, लेखक की संपादक, हे त्यात लिहा. कारणही सरळ लिहा: अमुक लेखातला अमुक भाग श्रेय न देता वापरला आहे. 'तांत्रिक कारणास्तव' हे शब्द तिथे वापरणारा संपादक मला त्या लेखकापेक्षा कमी दोषी वाटत नाही. मग क्रॉसरेफकडच्या नोंदीत बदल कळवा, नाहीतर लेख मागे घेतल्याची बातमी तुमच्या संकेतस्थळाबाहेर जातच नाही. आयव्हन ओरान्स्की आणि ॲडम मार्कस यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या 'रिट्रॅक्शन वॉच'चा मागे घेतलेल्या लेखांचा साठा २०२३ मध्ये क्रॉसरेफने घेतला आणि सगळ्यांना खुला केला. लेख स्वीकारताना संदर्भसूची त्याच्याशीही ताडून बघता येते. आम्ही अलीकडे ते सुरू केलंय.

प्रत्येक वेळी लेख मागेच घ्यावा लागतो असं नाही. पूर्वपीठिकेतल्या तीन वाक्यांना संदर्भ राहिला असेल तर शुद्धिपत्र पुरतं. चौकशी लांबणार असेल तर 'या लेखाबाबत शंका आहे' अशी सूचना मधल्या काळात लावता येते. शब्द जुळतात की नाही हे संपादकाला स्वतः दिसतं, त्यासाठी कुणाच्या निकालाची वाट बघायची गरज नाही. ते कुणी केलं, मुद्दाम केलं का, त्याला शिक्षा काय, हे मात्र त्याच्या संस्थेने ठरवायचं. आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांना लेखकांची काळी यादी हवी होती. मी विरोध केला. नावं सारखी असतात, याद्या फुटतात, आणि मग निरपराध माणूस फिरत बसतो.

तक्रार करणाऱ्याला विसरू नका. दोन दिवसांत पोच द्या, निर्णय झाल्यावर कळवा. निनावी पत्र आलं तरी जोडपत्र उघडून बघा. नाव नाही म्हणून परिच्छेद जुळायचे थांबत नाहीत.

चोरी आपल्याच घरातून झाली तर

रिव्ह्यूअरवर आपण डोळे झाकून विश्वास टाकतो. टफ्ट्स मेडिकल सेंटरचे मायकेल डॅन्सिंजर यांचा लेख 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'ने नाकारला. तो तपासणाऱ्या रिव्ह्यूअरनेच नंतर तो स्वतःच्या नावाने दुसऱ्या पत्रिकेत छापून आणला. तो लेख मागे घेतला गेला, आणि २०१६ च्या अखेरीस डॅन्सिंजर यांनी त्या रिव्ह्यूअरला उद्देशून लिहिलेलं खुलं पत्र 'ॲनल्स'नेच छापलं. अशा वेळी मूळ लेखकाच्या बाजूने उभा राहणारा एकच कागद असतो: लेख आपल्याकडे कधी आला आणि कुणाकडे पाठवला याची नोंद. नाकारलेल्या लेखांचीही ती नोंद जपून ठेवा. आम्ही पूर्वी वर्षाअखेरीस साफ करायचो.

आम्ही काय बदललं

तपासणी आता दोनदा होते. एकदा लेख आल्या-आल्या, रिव्ह्यूअरचा वेळ खर्च करण्याआधी, आणि एकदा अंतिम मसुद्यावर. दुसरी तपासणी तिसऱ्या ई-मेलने शिकवली. मूळ लेख स्वच्छ होता. रिव्ह्यूअरने लिहिलं, 'पूर्वसंशोधनाचा आढावा वाढवावा.' लेखकाने चार दिवसांत तीन पानं वाढवून पाठवली आणि आम्ही फक्त दुरुस्त्या केल्या आहेत ना, एवढंच बघितलं. ती तीन पानं दुसऱ्याची होती.

'हा लेख मौलिक आहे' या चौकोनात टिचकी मारायला लावणं बंद केलं. ती टिचकी सगळेच मारतात. त्याऐवजी सोबतच्या पत्रात दोन प्रश्न विचारतो: या लेखातला कुठला भाग आधी कुठेही, प्रबंधात, परिषदेत किंवा प्रीप्रिंट म्हणून, आला आहे का? याच माहितीवर तुमचे आणखी कुठले लेख आहेत? उत्तर लिहावं लागलं की माणूस थोडा विचार करतो. कित्येकांनी स्वतःहून जुने लेख जोडून पाठवलेत.

अहवालाच्या खाली आता एक छोटा तक्ता असतो: सगळ्यात मोठा स्रोत कुठला, लेखाच्या कुठल्या भागात, स्रोत उघडून पाहिला का, निर्णय काय, आणि ज्याने पाहिलं त्याची सही. शेवटच्या रकान्याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच सॉफ्टवेअरने पडला नाही.

सध्या पुढच्या अंकाचा एक लेख माझ्याकडे आहे. एकूण ७ टक्के, सगळ्यात मोठा स्रोत १ टक्का, भाषा नीटनेटकी. फक्त संदर्भ क्रमांक २३ मध्ये साल चुकलंय, आणि शोधल्यावर तेच चुकलेलं साल आणखी एका लेखाच्या सूचीत सापडलं. तो लेख मागवलाय. तो येईपर्यंत सहीचा रकाना रिकामा ठेवलाय.